आत्याबाईंचा राहून गेलेला पंचनामा

मास्तरांना आत्याबाई फारशा ठाऊक नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सहा वर्षं दोघांची टेबलं एकमेकांना चिकटून होती. मधल्या फटीत पेन्सिली पडायच्या आणि त्या कुणाच्या यावरून वाद व्हायचा. तेवढ्यावरून माणूस कळतो असं कुणी म्हणत असेल, तर म्हणो बापडं. त्यांना मुलं किती, एक की दोन, हे मास्तरांना छातीठोकपणे सांगता आलं नसतं. आत्याबाई गेल्याचं कळलं, तेव्हा सूचना फलकासाठी चार ओळी लिहून द्या, असं मास्तरांनाच सांगण्यात आलं. शेजारी बसणारे तेच, आणि शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेलेही तेच. मास्तरांनी अर्धा दिवस कागद पुढ्यात ठेवला आणि लिहिलं, 'त्या वक्तशीर होत्या.' मग खोडलं, कारण ते धडधडीत खोटं होतं. शेवटी फलकावर दुसऱ्याच कुणाच्या ओळी लागल्या. मास्तरांकडे जे उरलं ते हे एवढंच.

कार्यालय म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. तिथं छोट्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टिम तयार व्हायची. लिफ्ट, पाण्याचे पंप, रक्तपेढीतली थंड कपाटं, असल्या यंत्रांच्या पोटात जी बसते ती. त्यातलं मास्तरांना ओ की ठो कळत नसे. त्यांचं काम एवढंच, की पडद्यावर जी वाक्यं उमटतात ती सरळ, माणसाला समजतील अशी लिहायची. यंत्र बोलायचं ते मास्तरांच्या तोंडून. स्वतः मास्तर मात्र दिवसाकाठी दहा वाक्यंही बोलत नसत.

आत्याबाई हे नाव कार्यालयानं दिलेलं. कुणी काही नवं करून दाखवलं, की बाई चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "समजा, वीज अर्ध्यातच गेली तर? समजा, लिहायची डिस्कच बिघडलेली असली तर? समजा, ज्यानं कळवायचं तोच आडवा झालेला असला तर?" एकदा साहेब वैतागून म्हणाले, "आणि समजा, आत्याबाईला मिशा असत्या तर!" सगळी खोली हसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असत्या तर काय करायचं, तेच तर विचारतेय. काका म्हणायचं ठरलंय ना? मग तसं कुठंतरी लिहून ठेवा." त्या दिवसापासून त्या आत्याबाई. साहेब त्यांच्याच हाताखाली शिकून वर चढलेले, त्यामुळे बाईंनी ते नाव मनावर घेतलं नाही. उलट सहीसुद्धा कधी कधी तशीच करायच्या.

त्यांचं काम कोसळलेल्या यंत्रांचं. यंत्र नीट चाललेलं असलं, की बाईंचा चेहरा उतरलेला असे. कुठं काही कोसळल्याची खबर आली, की लग्नघरासारखी लगबग. मास्तरांनी एकदा धीर करून विचारलं होतं, "हे कोसळतं म्हणजे नक्की काय होतं हो?"

बाईंनी खुर्ची वळवली. "यंत्रात एक कर्ता असतो. कर्नेल म्हणतात त्याला. कुणाला किती जागा द्यायची, कुणी आधी बोलायचं, कुणी थांबायचं, सगळं तो बघतो. घरातलं पोर आजारी पडलं तर कर्ता त्याला दवाखान्यात नेतो. आता सांगा, कर्ताच उंबऱ्यात कोसळला तर?"

"शेजाऱ्यांना हाक मारायची."

"हाक मारणार कोण? पडलाय तोच ना?"

मास्तरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"आणि पडलेल्याच्या हातानं काही लिहून घ्यायचं नाही. त्याचं डोकं ठिकाणावर नसतं, जाता जाता भलत्याच कागदावर सही करून जायचा. म्हणून मी मागच्या बाजूला एक खोली राखून ठेवते. तिथं एक म्हातारा बसवलेला. त्याला घरातलं काही काम नाही, कुणाशी बोलायचं नाही. कर्ता पडला की ह्यानं उठायचं, घर कोणत्या अवस्थेत होतं त्याचा पंचनामा लिहून बाहेर ठेवायचा आणि मग घर पुन्हा सुरू करायचं."

"आणि एरवी?"

"एरवी नुसता बसून जागा अडवतो. त्या जागेसाठीच तर साहेब माझ्यामागे हात धुऊन लागलेत."

मास्तरांना त्या म्हाताऱ्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. "म्हणजे तो सगळं लिहून घेतो? त्या रक्तपेढीतल्या माणसांची नावंबिवंसुद्धा?"

"छे! कोण कुठं पडलं होतं आणि कुणाच्या हातात काय होतं, एवढंच. कपाटातली पत्रं वाचायची नाहीत. पंचनामा करायला आलेला माणूस घर धुंडाळायला लागला, तर त्याला पुन्हा दारात कोण उभं करील?"

कोसळल्यावर पडद्यावर काय दिसावं, ते मास्तरांनी लिहिलं होतं. पहिल्या खेपेला त्यांनी लिहिलं, 'अनपेक्षित अडचण आली आहे.' बाईंनी कागद परत केला. "अनपेक्षित कशी? मी रोज वाट बघत असते!" मग मास्तरांनी चार दिवस घालवून लिहिलं, 'यंत्र थांबले आहे. चूक तुमची नाही. कृपया आतले तापमान स्वतः पाहा.' बाईंनी ते दोनदा वाचलं. पुढे कितीदा तरी त्या म्हणाल्या, की ह्या इमारतीत 'चूक तुमची नाही' असं लिहून देणारा एकच माणूस आहे, आणि तोही कंत्राटावर.

या वाक्यापायीच पुढचं सगळं झालं. बाईंच्या पद्धतीत आधी लाल दिवा लागायचा, मग म्हातारा उठून पंचनामा करायचा, आणि यंत्र पुन्हा उठल्यावर पडद्यावर वाक्य. मास्तर एकदा चहाचा कप धुता धुता, बाईंकडे न बघता म्हणाले, "माणूस समोर घाबरून उभा असतो. त्याला आधी काही सांगायला नको का? कागदपत्रं काय, मागाहून होतात." एवढं बोलून त्यांचे कान लाल झाले. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." आणि त्याच दिवशी वाक्य पंचनाम्याच्या आधी नेऊन ठेवलं. साहेबांनी सांगितलेल्या साध्या गोष्टीलासुद्धा तीन आठवडे काथ्याकूट करणाऱ्या बाई मास्तरांचं असं चटकन ऐकतात, याचं मास्तरांना आतून फार बरं वाटलं. घरी जाऊन त्यांनी ते बायकोला सांगितलंही. ती म्हणाली, "एवढं तुमचं ऐकणारं कुणी असेल, तर मला एकदा भेटवाच."

पाच महिन्यांनी एका रक्तपेढीत कपाट बंद पडलं. बंद पडलं ते इतकं गपचूप, की पडद्यावर चार अंश हा आकडा तसाच दिसत राहिला आणि आत थंडावा करणारं यंत्र मात्र थांबलेलं. तिथल्या तंत्रज्ञाला आतली साध्या काचेची तापमापी बघायची सवय होती. पारा अकरावर. अठरा पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. तापमापी बघितली नसती तर ते रक्त कुणाला तरी चढलं असतं. पंचनामा आलाच नाही. एक ओळसुद्धा नाही.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. "आत्याबाई, तुम्ही म्हणालात, पंचनामा अर्ध्यात तुटायला नको, म्हणून आपण पहाऱ्यावरचं घड्याळ त्या वेळेपुरतं बंद करायला लागलो. बरोबर?"

"बरोबर." पहाऱ्यावरचं घड्याळ म्हणजे एक वेगळाच छोटा भाग. यंत्रानं ठरावीक वेळात हूं केलं नाही, की तो यंत्राला गदागदा हलवून उठवतो.

"आता पंचनामाही नाही आणि उठवणाराही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. पुढच्या सोमवारी आणखी चाळीस पेढ्यांत आपली कपाटं बसायची आहेत. मी तुमचं सगळं काढून टाकतो. दिवा नको, म्हातारा नको. पडलं की घड्याळ उठवील. विषय संपला."

"उठेल हो. पण का पडलं ते कधीच कळणार नाही. मग ते रोज पडेल आणि रोज उठेल, आणि तुम्ही म्हणाल, कपाट ठणठणीत आहे."

"मग शोधा. शुक्रवारपर्यंत. सापडलं नाही तर शनिवारी तुमची खोली रिकामी."

राखीव जागेबद्दल बोलत होते ते, पण सगळ्यांनी बाईंच्या टेबलाकडे पाहिलं. त्या खोलीशिवाय बाईंना तिथं दुसरं काम नव्हतं.

मंगळवार, बुधवार बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांच्या टेबलावर रक्तपेढीतल्यासारखंच एक यंत्र मांडलेलं होतं, कपाटाविना. त्यांनी त्याला हर तऱ्हेनं कोसळवलं आणि दर वेळी पंचनामा झकास आला. मास्तर शेजारून बघत होते. एरवी पंचनामा आला की बाई मिटक्या मारत वाचायच्या. आता दर वेळी त्या म्हणायच्या, "मेलं, पण शहाण्यासारखं मेलं. काय उपयोग!"

बुधवारी दुपारी बाईंचे यजमान डबा घेऊन आले. बाई तो घरी विसरल्या होत्या. यजमान शाळेची बस चालवायचे; मोठ्यानं बोलायची सवय. "मास्तर, हिला काही सांगा. जगाच्या यंत्रांचं निदान करते, आणि आमच्या दाराची बेल वर्षभर मुकी आहे. पाहुणे येतात आणि दार बडवून परत जातात."

"बेलीचा पंचनामा झालाय," बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "तुम्हीच स्टूल घेऊन वर चढत नाही, असं त्यात निघालंय."

यजमान खो खो हसले आणि डबा उघडून टेबलावर मांडून गेले. बाईंनी तो खाल्ला नाही.

मास्तरांच्या मनात मात्र एक गोष्ट सोमवारपासून घोळत होती. कपाट बंद पडल्यावर तंत्रज्ञाचा फोन आला तो योगायोगानं मास्तरांनी घेतला होता. बाकी सगळे जेवायला गेलेले. मास्तर फोनला घाबरत. काय विचारायचं ते सुचेना, म्हणून वर्गात मुलांना म्हणायचे तसं म्हणाले, "घाई नको. पहिल्यापासून सांगा, काय काय दिसलं." आणि तो सांगेल ते वहीत उतरवत गेले. मग फोन साहेबांकडे गेला, साहेबांनी स्वतःचे प्रश्न विचारले, आणि वही खणात पडली. साहेबांनी सगळं विचारलंच असणार. त्यात आपण शिकलेल्या माणसांच्या मध्ये कशाला बोला?

गुरुवारी सकाळी बाई टेबल आवरायला लागल्या. पेन्सिली वेगळ्या करत होत्या, मास्तरांच्या मास्तरांना देत होत्या. त्यांनी एकही पेन्सिल वाद न घालता परत केली, तेव्हा मास्तरांना राहवेना. त्यांनी खण उघडला.

"हे काही कामाचं नसेल," ते म्हणाले. "तुम्हाला सगळं माहीतच असेल."

बाईंनी वही घेतली. मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'आकडा चार, हलत नाही. आवाज नाही. लाल दिवा लागलेला. लिखाण काही नाही. स्वतः तापमापी पाहिली.'

बाई एक ओळ बोटानं दाबून बसल्या. "लाल दिवा लागलेला?"

"तो तसं म्हणाला."

"नक्की?"

"मी मनाचं काही लिहीत नाही."

"मास्तर, हे तुम्ही मला गुरुवारी सांगताय? सोमवारपासून मी इथं डोकं फोडून घेतेय, आणि तुम्ही आख्खा पंचनामा खणात घालून त्यावर चष्म्याचं घर ठेवलंय?"

"मला वाटलं, साहेबांनी विचारलं असेल..."

"साहेबांनी विचारलं, किती पिशव्या गेल्या!" बाई ओरडल्या खऱ्या, पण त्यांचा चेहरा उजळला होता. "सगळे म्हणतायत, माझं काम सुरूच झालं नाही. अहो, दिवा लागला म्हणजे सुरू झालं! दिव्यापर्यंत आलं आणि म्हाताऱ्यापर्यंत पोचलं नाही. दिवा आणि म्हातारा यांच्यामध्ये काय आहे?"

मास्तरांना कर्नेल कळत नसलं, तरी मध्ये काय आहे ते पक्कं ठाऊक होतं.

"माझं वाक्य," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. मग मास्तरांना कळेल अशा बेतानं, पण खरं म्हणजे स्वतःशीच बोलायला लागल्या. "पडद्यावर एका वेळी एकानंच लिहायचं, नाहीतर अक्षरं एकमेकांवर चढतात. म्हणून एक किल्ली असते. लिहायचंय त्यानं किल्ली घ्यायची, लिहायचं, किल्ली परत खुंटीला. आता समजा, तापमानाचा आकडा लिहिणाराच लिहिता लिहिता मेला. किल्ली कुठं?"

"त्याच्या कनवटीला."

"आणि तुमचं वाक्य दारात उभं. सभ्य वाक्य. किल्लीची वाट बघतंय. मेलेला माणूस किल्ली आणून देईल म्हणून वाट बघतंय! मागं म्हातारा झोपलेला, घड्याळ मी बंद केलेलं. जन्मभर उभं राहील ते."

तासाभरात त्यांनी टेबलावरच्या यंत्रात आकडा लिहिणाऱ्याला किल्लीसकट मारलं. लाल दिवा लागला. पडद्यावर चार अंश. मग काही नाही. दहा सेकंद, मिनिट, दोन मिनिटं. काहीच नाही.

"मेलं!" बाई टाळ्या पिटत उभ्या राहिल्या. "मेलं, अगदी तस्संच मेलं!" पलीकडच्या टेबलावरचे धावत आले. कुणाच्या तरी मरणावर इतका आनंद झालेली माणसं मास्तरांनी दुसरीकडे कुठं पाहिली नव्हती. पण ते स्वतः हसू शकले नाहीत. अठरा पिशव्या त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

"मी तुम्हाला सांगायला नको होतं," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही माणसाला आधी सांगा म्हणालात, त्यात चूक काय? मी वाक्य रीतसर दारातून पाठवलं, ही माझी चूक. आग लागलेल्या घरात कुणाची परवानगी मागायची नसते, हे मी इथं सगळ्यांना शिकवलंय. आणि तुमचं वाक्य दिसलं म्हणून मीच विसरले."

शुक्रवारी साहेबांपुढे त्यांनी कागद ठेवला. काय घडलं, कशामुळे घडलं, आणि खाली, 'चूक माझी.' मास्तरांचं नाव एकदाच होतं, लाल दिव्याची नोंद ठेवणारे म्हणून. मास्तर दाराशी उभे होते. त्यांनी घसा साफ केला. खोलीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. मास्तर बैठकीत बोलताहेत हा प्रसंग पहिलाच.

"साहेब, वाक्य आधी आणा असं मी सांगितलं होतं. ते यात लिहिलेलं नाही."

साहेबांनी कागदावरून वर पाहिलं. "तुम्ही सांगितलंत? आणि ह्यांनी ऐकलं? लगेच?"

"त्याच दिवशी."

"मास्तर, मी इथं सात वर्षं साहेब आहे. मला एकदा ती विद्या शिकवा."

बाई म्हणाल्या, "आधी कप धुवायला शिका."

त्यानंतर दोन तास घासाघीस झाली, पण ती भांडण्याच्या सुरात नव्हती. साहेब घड्याळ बंद करू देईनात. बाई म्हातारा सोडीनात. शेवटी ठरलं ते असं: कर्ता कोसळला की कुणाकडेही किल्ली मागायची नाही. लाल दिवा लावायचा आणि भोंगा वाजवायचा, कारण त्या दोघांना कुणाची परवानगी लागत नाही. मग म्हाताऱ्याला उठवायचं. म्हाताऱ्याला चाळीस सेकंद. तेवढ्यात पंचनामा झाला तर ठीक, नाहीतर अर्धामुर्धा जसा असेल तसा ठेवून घड्याळ त्यालाही हलवील. मास्तरांचं वाक्य पुन्हा उठल्यावर. पण कपाटाच्या दारावर, दिव्याच्या खाली, तेच वाक्य छापून चिकटवायचं. छापील कागदाला किल्ली लागत नाही, ही कल्पना बाईंची.

सोमवारी चाळीस कपाटं गेली, ती म्हाताऱ्यासकट.

पहिल्या रक्तपेढीतलं कपाट बाविसाव्या दिवशी पुन्हा कोसळलं. भोंगा वाजला, तंत्रज्ञानं तापमापी पाहिली, अकरा सेकंदांत पंचनामा झाला आणि कपाट आपोआप उठलं. एकही पिशवी गेली नाही. बाईंनी पंचनामा कागदावर उतरवून घेतला आणि दुपारभर वाचला, पत्र वाचावं तसा. तापमान मोजणारी तार सैल होती. मध्येच ती भलताच लांबलचक आकडा पाठवायची आणि आकडा लिहिणारा आपली जागा सोडून शेजाऱ्याच्या जागेत लिहीत सुटायचा. दोन ओळींची दुरुस्ती. ती करून बाई म्हणाल्या, "ही तार मी स्वतः जाऊन बघणार. आणि त्या तंत्रज्ञालाही बघायचंय मला. इथल्या अर्ध्या लोकांपेक्षा त्याचे डोळे शाबूत आहेत."

तिथून त्या परस्पर मुलीकडे जाणार होत्या, महिनाभराच्या रजेवर. म्हणजे एक मुलगी होती, एवढं मास्तरांना त्या दिवशी कळलं.

त्या शेवटच्या दिवशी निघताना त्यांनी पिशवी खांद्याला लावली, टेबलावरून चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. मास्तरांनी त्या कपाटाच्या दारासाठी छापलेल्या वाक्यांची गुंडाळी त्यांच्या हातात दिली.

"किती आहेत?" बाईंनी विचारलं.

"अकरा. दहा जास्तीच्या."

"जास्तीच्या कशाला?"

"समजा, फाटल्या तर."

बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "मास्तर, तुम्हाला पण लागण झाली की. तुमचा डबा खाऊन घ्या, गार होईल."

"खातो," मास्तर म्हणाले.